मालतीचा वाटा

आमच्या घरातून माशांचा वास गेला, त्या दिवसांइतके वाईट दिवस मी नंतरही पाहिले नाहीत. आई मासे विकायची. मालवणच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती, आणि दांडीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या घरात चुलीपासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळ्याला तो वास असायचा. शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या तेव्हा मी घरी येऊन आईशी भांडायचे, की दुसरा धंदा कर. आणि इंजेक्शनं सुरू झाल्यावर आईलाच तो वास सोसेना. बांगडा नुसता पडवीत आला तरी ती आतल्या खोलीत ओकायला लागायची. मग बाबा बाहेर माडाखाली तीन दगड मांडून कालवण शिजवायचे आणि आम्ही बापलेक तिथेच बसून, चोरी केल्यासारखे, भराभर जेवायचो. आईसाठी उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड आणि तिवळ, म्हणजे आमसुलांचं आंबट पाणी. एवढंच तिच्या पोटात टिकायचं. घराला कसलाच वास राहिला नव्हता आणि मला त्याचीच भीती वाटायची.

आईच्या डाव्या बाजूला गाठ आली होती. ती तिने पुष्कळ दिवस अंगावर काढली. माशांची पाटी डोक्यावर चढवताना हात वर जाईना तेव्हा शेजारणीने विचारलं आणि मग ते बाहेर आलं. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, ती बाजू काढून टाकली, आणि पुढे दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायला या, असं सांगितलं. रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. बाबा त्याला नुसतं ‘ता’, म्हणजे ‘ते’, म्हणायचे. “ता परत येऊचा नाय मां गो?” असं ते मला विचारायचे, मला सतराव्या वर्षी जणू सगळं कळत होतं. मी बारावी अर्धवट टाकून आईच्या जागेवर बसत होते, आणि इंजेक्शनच्या दिवशी बाजार सोडून तिच्याबरोबर गोव्याला जात होते. मला काही कळत नव्हतं. मला फक्त आई हवी होती.

मालती आणि बाई आम्हाला त्या इस्पितळाच्या बाकावरच भेटल्या. तिथे सगळीकडे गोव्याची कोकणी चाललेली, आणि मध्येच कुणीतरी आमच्या मालवणीत म्हणालं, “आमच्या विहिरीचा पाणी बरा गो, ह्या पाण्याक चवच नाय.” आईने मान वळवून विचारलं, “तुमी खंयच्या?” ती कट्टा गावची मालती. तिचं घर भातशेतीचं आणि काजूचं, नवरा शांत, मुलगा नुकताच मुंबईला नोकरीला लागलेला. ती आईपेक्षा वयाने थोडी लहान आणि तोंडाने बरीच मोठी होती. तिच्या पलीकडे मसुऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या, एकट्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेलेला. तिघींचं दुखणं एकच होतं, बाजू तेवढी वेगळी. जाण्याचा रस्ताही एकच. तेव्हा त्यांनी डॉक्टरांना गळ घालून तिघींना एकच दिवस मागून घेतला आणि पास्कूची ट्रॅक्स गाडी ठरवली. पास्कू आमच्याच वाडीशेजारचा, बोलायला कमी आणि गाडी चालवायला सावकाश. बाई आदल्या संध्याकाळी मसुऱ्याहून येऊन आमच्याकडे मुक्काम करायच्या. पहाटे आम्ही निघायचो आणि कट्ट्याच्या स्टॉपवर मालती पेजेचा डबा घेऊन उभी असायची.

त्या गाडीत मी जे पाहिलं ते मी पुढे कुठल्याही घरात पाहिलं नाही. तिघींच्या डोक्यावर केस नव्हते. बाई रुमाल बांधायच्या, आई पदर घ्यायची, आणि मालती नवऱ्याचा पंचा गुंडाळून यायची, वर म्हणायची, “घरात आता मीच बाप्यो.” सुरंगीचे दिवस होते. मालतीच्या दारातच झाड, त्यामुळे ती सुरंगीचा वळेसर, म्हणजे फुलांचा गजरा, करून आणायचीच. माळायचा कुठे, हा प्रश्न होता. तिने तो पास्कूच्या आरशाला बांधला. आईला माशांचा वास सोसत नसे, डिझेलचा सोसत नसे, पण सुरंगीचा चालायचा. ज्या बाजूला काही उरलं नव्हतं तिथे ब्लाउजमध्ये घालायला मालतीने तिघींना पिशव्या शिवून दिल्या होत्या. नुसता कापूस हलका होतो, पदर एका अंगाला घसरतो, म्हणून तिने त्यात थोडं शेतातलं भात भरलं होतं. “पावसापूर्वी बदला गो,” ती सांगायची, “नायतर कोंब येतीत.” बाई, ज्यांना मी शाळामास्तरणीच्या चेहऱ्याशिवाय पाहिलंच नव्हतं, त्या यावर इतक्या हसल्या की पास्कूने गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं, कुणाला तरी ओकारी आली.

हसणं जातानाचं. परतताना कुणी बोलत नसे. लाल औषधाची बाटली अंगात गेली की तिघींच्या तोंडाला कुलूप लागायचं. जिला जास्त होईल ती खिडकीपाशी, दुसरी तिचं कपाळ धरणार, तिसरी डबा धरणार. पाळी बदलत राहायची. मी पुढे पास्कूशेजारी बसायचे आणि मागे बघायचे नाही. आवाजावरून कळायचं कोणाची पाळी आहे. एकदा आई ओकून झाल्यावर म्हणाली, “पुढच्या खेपेक मी येऊचंय नाय. मेलंय तर मेलंय.” मालती तिचं तोंड पुसत म्हणाली, “ये नको. मी तुझ्या दारात येऊन ओकतंय.” आई पुढच्या खेपेला गेली. हेच बाबांनी हात जोडून सांगितलं असतं तर ती गेली नसती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

एका परतीच्या दिवशी मालतीला बरं होतं, म्हणून ती कट्ट्याला उतरलीच नाही. म्हणाली, समुद्र बघून कितीतरी वर्षं झाली. कट्टा समुद्रापासून काही लांब नाही, पण शेतातल्या बाईला समुद्र बघायला सवड कोण देतो? आम्ही पोचलो तेव्हा दांडीवर रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल टाकून येते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूत पाय रोवून ओढत बसतात. ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. आमच्या रापणीत आजारी पडून घरी राहिलेल्याचाही वाटा काढायचे. आणि वाटेने जाणाऱ्या कुणी दोराला हात लावला, तर त्याला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाहीत. मालती वाळूतून हळूहळू गेली आणि तिने दोराला हात लावला, ओढायला तिच्यात जोरच नव्हता. मासळी आल्यावर वाटे घालणाऱ्या बाबांनी बांगड्यांचा एक ढीग तिच्यापुढे सारला. “माका कित्याक?” ती म्हणाली, “मी काय एक वडूक नाय. नुसतो हात लावलंय.” बाबा म्हणाले, “हात लावलात मां वैनी? मगे वाटो घेवा.” तिलाही वास सोसत नव्हता. तरी तिने तो वाटा पदरात घेतला आणि पुढे कितीतरी दिवस ती हे सांगत होती.

त्यानंतरच्या खेपेला मालतीचं रक्त कमी आलं. इंजेक्शनच्या आधी सकाळी रक्त तपासायचे, पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तरच औषध द्यायचे. आईचं ठीक आहे, असं नर्सने मला स्वतः सांगितलं आणि औषधं आणायला खालच्या दुकानात पाठवलं. मी औषधं घेऊन वर आले तर बाक रिकामा. शोधत शोधत बाहेर आले, तर तिघी ट्रॅक्समध्ये बसलेल्या. मालती खिडकीला डोकं टेकून रडत होती. आई मला ऐकू जाईल अशा बेताने मोठ्याने म्हणाली, “तिघींचाय रक्त कमी इला गो. आठ दिसांनी येवक सांगल्यानी.” माझ्या हातात आईच्या औषधांची पिशवी होती. मी बाईंकडे बघितलं. जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेल्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आईने डोळ्यांनीच मला दटावलं आणि मी गप्प पुढे बसले.

घरी आल्यावर मी गप्प बसले नाही. मी भांडी आपटली, रडले, नको ते बोलले. आई खाटेवर पडून सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “तिका एकटीक मागे टाकून आमी दोघींनी औषध घेवचा? दोघांनी रापण वडतत काय?” मी म्हणाले, “ही रापण नाय आये.” ती म्हणाली, “तुका काय कळता?” बाबा दारात उभे होते. त्यांनाही तिचं म्हणणं बरोबर वाटत होतं. मला त्या रात्री त्या दोघांचा, मालतीचा, सगळ्या दांडीचा राग आला. आपल्या माणसांचा चांगुलपणा आपल्याच मुळावर येतो तेव्हा माणसाने काय करायचं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

आठ दिवस आईने मालतीसाठी शिंपल्यातले खुबे काय पाठवले, कुर्ल्यांचा म्हणजे खेकड्यांचा रस काय पाठवला. रक्त वाढायला चांगलं म्हणतात. बाईंनी आंगणेवाडीच्या जत्रेतलं खाजं आणि भराडीदेवीचा अंगारा आणला. मालतीच्या पोटात काही राहत नव्हतं. पुढच्या खेपेला तिचं रक्त आणखी खाली गेलं, आणि आई आणि बाई पुन्हा बाकावरून उठून गाडीत जाऊन बसल्या. या वेळी जिन्यात मला डॉक्टरांनी गाठलं. तरुण होते, दमलेले होते. “तुझी आई इंजेक्शन न घेता जाते का?” त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. ते म्हणाले, “घरी सांग, हा रोग कुणाच्या मैत्रिणीसाठी थांबत नाही. अशा खेपा चुकवल्या तर मी काही करू शकणार नाही.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच ते मला खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात न बसता कट्ट्याची एसटी पकडली. मालती खळ्यात बसली होती. समोर काजूच्या बिया वाळत घातलेल्या, हातात कोंबड्या हाकायची काठी, डोक्याला तोच पंचा. मला बघून तिला आनंद झाला. “ये गो नंदा. आवस बरी आसा मां?”

मी उभ्याउभ्याच म्हणाले, “काकी, आयेचा रक्त कमी नाय आसा. बाईंचा पण नाय. दोनय खेपेक बरा होता.”

तिने काठी खाली ठेवली. “मगे परत कित्याक इल्यो?”

“तुमच्यासाठी.”

ती बियांकडे वळली. एक बी उचलून हातात फिरवत राहिली. कोंबड्या बियांत शिरल्या तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, “माका वाटला, सगळ्यांचाच कमी इला. खरा सांगू? माका बरा वाटला होता गो. मी एकटीच मरतंय, असा वाटूक नाय.”

मला रडू आलं, पण मी थांबले नाही. “असा चलला तर माझी आये मरात, काकी,” मी म्हणाले. तिचाही मुलगा होता, तिलाही घर होतं, ती समोर बसून मरत होती, हे सगळं मला दिसत होतं. तरी मी ते म्हणाले. तिने मला जवळ बोलावून पदराने माझं तोंड पुसलं, जसं आईचं पुसायची. “आयेक सांगू नको मी काय बोललंय ता,” ती म्हणाली. “जा. मी येतलंय.”

पुढच्या खेपेला ती स्टॉपवर उभी होती, हातात डबा आणि वळेसर. इस्पितळात नर्स तिचं रक्त घ्यायला आली तेव्हा तिने हात मागे घेतला. “माझा रवांदे. ह्या दोघींचा बघा.” दोघींचं ठीक निघालं. आई चुळबुळ करून उठायला लागली तशी मालतीने तिचं मनगट धरलं. “बस हयसर. माका सगळा कळला हा. माका आज काय नको. मी नुसतो हात लावतंय.” आईने तिला शिव्या दिल्या, हात सोडवून घ्यायला बघितलं. मालतीने सोडला नाही. दोन खाटांच्या मध्ये स्टूल घेऊन ती बसली, एका हातात आईचा हात, दुसऱ्यात बाईंचा, बाटल्या रिकाम्या होईपर्यंत. आई रडत होती. रडता रडता तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की कट्ट्याला कोण गेलं होतं.

मालतीला डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्त वाढेपर्यंत गर्दीत जाऊ नका, ताप आला तर तो आवरणार नाही. ती त्यानंतरच्या खेपेलाही आली, कारण आई पुन्हा हट्टाला पेटली होती, मालती नसेल तर मी खाटेवर चढणार नाही. परतताना सावंतवाडीच्या पुढे मालतीला हुडहुडी भरली. मागच्या सीटवर आईने तिला मांडीवर घेतलं, आमच्या तिघींच्या जादा साड्या आणि ओढण्या तिच्या अंगावर घातल्या, तरी तिचे दात वाजत होते. “घराकडे न्हेवा,” एवढंच ती म्हणत होती. पास्कूने जन्मात पहिल्यांदा गाडी जोरात हाकली. कुडाळच्या दवाखान्यात तिला ठेवलं. तिथून ती घरी आली नाही. डॉक्टर म्हणाले, ताप कशाचा आला ते सांगता यायचं नाही, कुठेही येऊ शकला असता. आईने ते ऐकून घेतलं नाही.

घरी आल्यावर आई मला एकदाच म्हणाली, “तू कट्ट्याक गेललंस म्हणान ती गेली.” मी म्हणाले, “आणि तू ऱ्हवलंस.” तिने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. शेवटचं इंजेक्शन तिने बाईंबरोबर घेतलं, मधल्या जागेवर मालतीचा पेजेचा डबा ठेवून. तो डबा परत करायला ती विसरली की तिने मुद्दाम ठेवून घेतला, मला माहीत नाही. केस परत आले, माशांचा वास परत आला, बाबा पुन्हा चुलीवर कालवण शिजवू लागले. आई वाचली. त्यानंतर रापण लागली की ती सगळ्यांआधी एक वाटा बाजूला काढायची, पिशवीत घालायची आणि माझ्या हातात द्यायची. “कट्ट्याक न्हे.” दुसऱ्या कुणाच्या हाती ती पाठवत नसे. मालतीचा नवरा, पुढे तिची सून, पिशवी घ्यायची आणि रिकामी धुऊन परत द्यायची. काही वर्षांनी बाईंचं दुखणं उलटलं, तेव्हा आई मसुऱ्याला जाऊन राहिली आणि शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी बसली. आता रापण क्वचितच लागते, पण लागली की मी अजून जाते. पुन्हा तीच वेळ आली तर मी काय करेन, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. दर वेळी मी त्या एसटीत चढलेली असते. आईला हे माहीत आहे, आणि म्हणूनच आमच्यात हा विषय पुन्हा निघाला नाही.

हे सगळं आता लिहायला बसले त्याला कारण आहे. आईचं असं झालं म्हणून मी दर वर्षी तपासून घेते. या वर्षी काहीतरी दिसलं. तुकडा काढून बघायला त्याच इस्पितळात बोलावलं. मी आईला काही सांगितलं नाही. ती ऐंशीच्या घरात आली आहे, तिला गाडीत बसवत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिच्या तोंडून एकही शब्द ऐकायचा नव्हता. पहाटे मी गुपचूप दार ओढून बाहेर आले, तर फाटकाशी मी ठरवलेली गाडी उभी आणि मागच्या सीटवर आई बसलेली. मांडीवर तोच जुना डबा. आरशाला सुरंगीचा वळेसर बांधलेला. तिला कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

“आये, तू कित्याक?” मी म्हणाले. “तुका झेपाचा नाय.”

“माका खंय काय घेवचा आसा?” ती म्हणाली. “मी नुसतो हात लावतंय.”

मी तिच्या शेजारी बसले. मला खूप भीती वाटत होती, आणि ते मी तिला सांगितलं. कट्टा आला तसं तिने ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. स्टॉपवर कुणी नव्हतं. आई सरकून माझ्या अंगाला टेकून बसली, तिच्या पलीकडे एका माणसाची जागा झाली, आणि मग ती म्हणाली, “चल.”